ताप नक्की कधी आला?

रात्री साडेदहाला रिपोर्टची पीडीएफ आली आणि मी ती स्वतः नीट वाचायच्या आधी फॅमिली ग्रुपवर टाकली, ही माझी पहिली चूक. पाच मिनिटांत तीन निदानं तयार. मामा म्हणाला एनएस-वन निगेटिव्ह आहे म्हणजे डेंग्यू नाही, झोपा आता. मावशीनं आयजीजी पॉझिटिव्हवर लाल गोल काढून स्क्रीनशॉट परत पाठवला, "मग हे काय आहे??" आणि चुलतभावाचं म्हणणं की आयजीजी ३.८ आहे आणि नॉर्मल तर ०.९ च्या खाली पाहिजे, म्हणजे चौपट झाला की, भयंकर हाय आहे. ज्या बाईचं हे रक्त होतं ती, म्हणजे माझी आई, पलीकडच्या खोलीत डोळ्यांवर हात ठेवून पडली होती, अंगात १०२.

रिपोर्टवर तीनच ओळी होत्या खरं तर. डेंग्यू एनएस-वन अँटिजेन निगेटिव्ह. डेंग्यू आयजीएम १.०४, पुढे इक्विव्होकल. डेंग्यू आयजीजी ३.८, पॉझिटिव्ह. एक नाही, एक हो, आणि एक धड हो पण नाही नि नाही पण नाही. मी रात्री एक वाजेपर्यंत त्या तीन ओळी गुगलत बसले आणि एवढं कळलं की काहीच कळत नाहीये.

आता या गोष्टीला बरेच महिने झालेत आणि आई ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे उगाच सस्पेन्स नको. पण तेव्हापासून ओळखीत कुणाला ताप आला की लोक मला रिपोर्ट पाठवतात, आणि मी डॉक्टर नाहीये हे दरवेळी सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारते, ताप नक्की कधी आला. कारण त्या पीडीएफवर सगळं असतं, नाव, वय, सँपल कधी घेतलं, रिपोर्ट कधी निघाला, तेही मिनिटासकट. फक्त ज्या तारखेवर सगळा अर्थ लटकलेला असतो ती तारीख नसते.

म्हणजे कसं, ते सांगते.

डेंग्यूचा व्हायरस स्वतःची फक्त दहा प्रोटीन्स बनवतो. त्यातली तीन त्याच्या स्वतःच्या अंगाला लागतात, म्हणजे व्हायरसचा कणच त्यांचा बनलेला असतो, आणि उरलेली सात ही नुसती हत्यारं, आपल्या पेशीत घुसून तिथं कारखाना चालवायला लागणारी. ही सात म्हणजे नॉन-स्ट्रक्चरल, त्यातलं पहिलं ते एनएस-वन. गंमत म्हणजे हे हत्यार पेशीच्या आतच राहत नाही, ढिगानं बाहेर रक्तात फेकलं जातं. सुताराच्या दुकानाबाहेर भुसा साठतो ना, तसं. आत कोण काम करतंय ते दिसत नाही पण बाहेर भुसा आहे म्हणजे आत करवत चालू आहे. एनएस-वनची टेस्ट हा भुसा शोधते. (भुसा म्हणणं तितकंसं बरोबर नाही, कारण हे प्रोटीन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतं, नुसतं पडून राहत नाही. पण मला ते असंच लक्षात राहिलंय.)

भुसा ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून सापडतो आणि साधारण पाचव्या-सातव्या दिवसापर्यंत कमी होत जातो. म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस-वन पॉझिटिव्ह आली तर ती बऱ्यापैकी पक्की बातमी, व्हायरस आत्ता आहे. निगेटिव्ह आली तर मात्र लगेच सुटलो असं नाही. कदाचित डेंग्यू नाहीच. कदाचित उशीर झाला. आणि तिसरी शक्यता मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते, माणसाला आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर जुन्या अँटिबॉडीज, म्हणजे आजाराशी लढायला शरीरानं बनवलेली प्रोटीन्स, त्या एनएस-वनला जाऊन चिकटतात, ते झाकलं जातं, टेस्टला दिसत नाही. भुसा पडतोय, पण कुणीतरी मागोमाग झाडू मारतंय.

आयजीएम आणि आयजीजी या दोन ओळींचा व्हायरसशी थेट संबंधच नाही, ते आपल्या शरीराचं उत्तर आहे, अँटिबॉडीजचेच दोन प्रकार. आयजीएम आधी येतं, आकारानं भलंमोठं, पाच तुकडे एकत्र जोडलेलं, त्यातला एम हा मॅक्रोचा. तापाच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते सापडायला लागतं, दोनेक आठवड्यांत शिगेला पोचतं आणि मग दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त, रेंगाळतं. आयजीजी पहिल्याच वेळच्या डेंग्यूत आठवड्यानंतर हळूहळू येतं पण एकदा आलं की वर्षानुवर्षं जात नाही. दुसऱ्या वेळच्या डेंग्यूत मात्र ते वाट बघत नाही, ताप चालू असतानाच धाडकन वर जातं, आणि आयजीएम मागे मागे, लाजत लाजत, कधी कधी तर दिसेल न दिसेल असं.

म्हणजे आयजीएम पॉझिटिव्ह हा सुद्धा "आज डेंग्यू आहे"चा पुरावा नाही, "गेल्या काही आठवड्यांत असावा" एवढंच. आणि नुसतं आयजीजी पॉझिटिव्ह तर ज्या भागात डेंग्यू फिरतो तिथं धडधाकट माणसाचंही निघेल. मावशीनं ज्यावर लाल गोल काढला होता ती ओळ एकटी असती तर तिला आजार म्हणायचं कारणच नव्हतं.

आणि ते आकडे. १.०४, ३.८. आम्ही सगळे ते शुगरच्या आकड्यासारखे वाचत होतो, जितका मोठा तितका वाईट. तसं नसतं ते. हे आकडे ज्या पद्धतीनं निघतात ती एलायझा १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगवाल आणि पेटर पर्लमान या शास्त्रज्ञांनी मांडली, आणि मूळ कल्पना अजून तीच आहे, छोट्या छोट्या खळग्यांची एक प्लास्टिकची प्लेट, बहुतेकदा ९६ खळगे, त्यात आपलं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी वगैरे काढल्यावर उरलेलं पाणी, टाकायचं, हवी ती अँटिबॉडी असेल तर ती चिकटून राहते, बाकीचं धुवून टाकायचं, मग एन्झाइम जोडलेलं काहीतरी वरून टाकायचं जे त्या चिकटलेल्यालाच धरतं, आणि शेवटी एक द्राव टाकला की रंग येतो. जितका रंग गडद तितका आकडा मोठा. मग तो रंग त्या किटच्या ठरवलेल्या कट-ऑफच्या रंगाशी ताडून बघतात, आणि तो भागाकार म्हणजे इंडेक्स. बऱ्याच किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह, मधलं सगळं इक्विव्होकल. एका किटचा ३.८ आणि दुसऱ्या किटचा ३.८ यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. आणि ३.८ वाल्याला २ वाल्यापेक्षा जास्त आजार, हे तर अजिबातच नाही.

इक्विव्होकल हा शब्द मला तेव्हा चीड आणणारा वाटला होता. एवढं मशीन आणि एवढे पैसे आणि उत्तर काय तर "सांगता येत नाही". आता मला तोच त्या रिपोर्टमधला सगळ्यात प्रामाणिक शब्द वाटतो. तो म्हणत होता चार दिवसांनी परत या.

तर आईनं सांगितलं होतं, ताप सोमवारी संध्याकाळी आला. सँपल मंगळवारी सकाळी दिलं, म्हणजे दुसरा दिवस. दुसऱ्या दिवशी एनएस-वन खरं तर बहुतेकदा दिसायला हवं, आणि आयजीएम अजून यायलाच नको, मग हे १.०४ कुठून उगवलं. बुधवारी सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, आईकडे बघितलं, परत रिपोर्ट बघितला आणि चष्मा काढून म्हणाले, "काकू, खरं सांगा, पहिल्यांदा अंग गरम कधी झालं?"

आई गप्प. मग माझ्याकडे न बघता, "शनिवारी दुपारी थोडं होतं. मी गोळी घेतली, उतरलं. रविवारी परत. पण ते काय ताप नव्हता, नुसती कसकस."

शनिवारी! म्हणजे मंगळवारचं सँपल दुसऱ्या दिवसाचं नाही, चौथ्या दिवसाचं. सगळा रिपोर्ट एका वाक्यात जागेवर बसला. चौथा दिवस, आयजीएम आत्ता कुठे डोकं वर काढतंय, आयजीजी आधीच जोरात, एनएस-वन झाकलं गेलेलं. डॉक्टर म्हणाले डेंग्यूच दिसतोय, आणि बहुधा पहिल्यांदाचा नाही.

आपल्या भाषेत तापाला किती पायऱ्या आहेत बघा. कणकण, कसकस, अंग मोडून येणं, कपाळ गरम लागणं, मग ताप, मग फणफणणं. आणि आयांच्या हिशोबात मोजणी सुरू होते ती फणफणण्यापासून, त्याच्या खालचं सगळं "काही नाही गं, दमले असेन". थर्मामीटर हा घरातल्या इतरांसाठी असतो. मी रागावले तिच्यावर गाडीत, खूप रागावले, आणि मग लक्षात आलं की मीसुद्धा तिला मंगळवारपर्यंत एकदाही हात लावून बघितलं नव्हतं.

आणि हे नुसतं कॅलेंडरचं भांडण नव्हतं. बुधवारी सकाळी आईचा ताप उतरला होता. आम्ही खूश. डॉक्टर अजिबात खूश नव्हते. डेंग्यूत खरी धास्तीची वेळ ताप चढलेला असतानाची नसते, ताप उतरतानाची असते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये कुठेतरी, आणि ती २४ ते ४८ तास टिकते. या वेळात रक्तवाहिन्या झिरपायला लागू शकतात, म्हणजे रक्तातलं पाणी बाहेर आणि पेशी आत, रक्त घट्ट. आम्ही सोमवारपासून मोजत बसलो असतो तर बुधवार हा आमच्या मते तिसरा दिवस, "अजून वेळ आहे" असं म्हणून घरी गेलो असतो. शनिवारपासून मोजलं तर तो पाचवा होता.

इथे मला सीबीसीबद्दल, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या टेस्टबद्दल, बोलायचंय कारण डेंग्यूचं नाव आलं की सगळं घर प्लेटलेटचा स्कोअर बघायला लागतं, आणि आमचंही तेच झालं. मंगळवारी प्लेटलेट १,२४,०००, बुधवारी ७९,०००, ग्रुपवर रडके इमोजी, कुणी रक्तदात्यांचे नंबर पाठवतंय. नॉर्मल दीड लाखापासून वर, त्यामुळे घाबरणं साहजिक आहे. पण डॉक्टर ज्या ओळीवर पेन टेकवून बसले होते ती दुसरीच होती, पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट, रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के. मंगळवारी ३६.५, बुधवारी ४१.८. दोन्ही नॉर्मल रेंजमध्ये! दोन्हीसमोर ना बाण ना ठळक अक्षर, लॅबच्या दृष्टीनं तक्रारच नाही. पण एका दिवसात ती चौदा टक्क्यांच्या वर वाढली होती, आणि मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्के वाढ म्हणजे प्लाझ्मा, ते रक्तातलं पाणी, गळतोय अशी पक्की खूण मानतात. प्लेटलेट खाली आणि पीसीव्ही वर, हे दोन्ही एकत्र म्हणजे सावध. त्यांनी आईला ऑब्झर्वेशनला ठेवून घेतलं आणि सलाइन लावलं, तेही मोजून मापून, कारण जास्त झालं तर गळलेलं पाणी परत आत येताना फुप्फुसांवर ताण येतो.

रिपोर्टमधला ठळक ठसा हा त्या माणसाशी तुलना करून मारलेला नसतो, ढोबळ रेंजशी तुलना करून मारलेला असतो. आईची तुलना आईच्याच कालच्या आकड्याशी करायची होती, आणि त्यासाठी कालचा आकडा हातात असावा लागतो. म्हणून पहिला सीबीसी लवकर करून ठेवायला सांगतात, त्यात काही सापडो न सापडो.

मी त्यांना विचारलंच, प्लेटलेट चढवायच्या का. म्हणाले रक्तस्राव होत नाहीये, नुसता आकडा कमी आहे म्हणून चढवून फायदा होत नाही, उलट रिअॅक्शन आणि जादा पाण्याचा धोका. त्या दिवसभरात त्यांनी आकड्यांपेक्षा प्रश्नच जास्त विचारले. पोटात दुखतंय का, उलट्या थांबतायत का, हिरड्यांतून काही, खूप सुस्ती किंवा उलट खूप अस्वस्थ वाटतंय का, लघवीला शेवटचं कधी गेलात. हा शेवटचा प्रश्न नर्सनं इतक्या वेळा विचारला की आई वैतागली. गोळी फक्त पॅरासिटामॉल, अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन बंद, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. शनिवारी तिनं डब्यातली कुठली गोळी घेतली होती हे आठवून आठवून आम्ही तिला पिडलं. पॅरासिटामॉलच होती, नशीब.

गुरुवारी प्लेटलेट ४८,००० झाल्या आणि ग्रुपवर सन्नाटा पसरला, पण पीसीव्ही ४० वर आली होती आणि पांढऱ्या पेशी, ज्यांच्याकडे आमच्यापैकी कुणीही ढुंकून बघितलं नव्हतं, त्या मंगळवारच्या २,९०० वरून ३,४०० वर. डॉक्टर पहिल्यांदा हसले. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधी पडतात आणि सावरतातही आधी, प्लेटलेट मागून येतात. शुक्रवारी ५५,०००, पीसीव्ही ३७. रविवारी १,१२,०००. एक दिवस मशीननं मधेच फारच कमी आकडा दिला होता, तर लॅबवाल्यांनी स्वतःहून काचेवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि प्लेटलेटचे गठ्ठे झालेत असं सांगितलं. जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त गोठू नये म्हणून जे केमिकल असतं त्यात काही वेळा प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन तो गठ्ठा प्लेटलेट म्हणून मोजतच नाही. एका आकड्यावर रडायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकले, आणि दुसऱ्या दिवशी विसरले.

पहिल्यांदाचा नाही, हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नव्हतं. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकारापासून माणूस जन्मभर सुटतो, बाकीच्या तिघांपासून फक्त काही काळ. आणि पुढे दुसरा प्रकार झाला तर जुन्या अँटिबॉडीज त्याला धरतात पण निकामी करू शकत नाहीत, उलट त्यांच्या हाताला धरून व्हायरस पेशींमध्ये आणखी सहज शिरतो. डेंग्यूचे अभ्यासक स्कॉट हॉलस्टेड यांनी अनेक वर्षं हेच मांडलं, दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त त्रासदायक का ठरतो याचं उत्तर म्हणून. आपल्याच जुन्या अनुभवानं आपल्याला गोत्यात आणावं, काय म्हणायचं याला.

मी आईला विचारलं, तुला आधी कधी असं झालं होतं का. आधी नाही म्हणाली. मग संध्याकाळी आपणहून, "तुझी शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती ना, तेव्हा पाचेक दिवस फार अंग दुखत होतं. डोळे हलवले की मागून दुखायचे. तुला कशाला सांगायचं." तेच असेल असं नाही, डेंग्यूची लागण बऱ्याच जणांना काहीच लक्षण न दाखवता होऊन जाते आणि आयजीजीवर साल लिहिलेलं नसतं. शिवाय या अँटिबॉडीज गोंधळ्या असतात, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल, हे सगळे एकाच कुळातले व्हायरस, तोंडावळा सारखा, त्यामुळे एकाच्या अँटिबॉडीज दुसऱ्याच्या टेस्टमध्ये चमकू शकतात. अगदी यलो फिव्हरची लस घेतलेल्याच्यासुद्धा. खात्रीच करायची तर पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर, त्यात व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूरच सापडतो आणि चारपैकी कुठला तेही कळतं. आईची ती वेळ निघून चालली होती. पण ते डोळ्यांमागचं दुखणं ऐकून मला त्या परीक्षेचे दिवस वेगळेच आठवायला लागले.

१९४३ साली नागासाकीत किमुरा आणि होत्ता या जपानी संशोधकांनी पहिल्यांदा हा व्हायरस वेगळा काढला तेव्हा रुग्णाचं रक्त उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून वाट बघावी लागली होती. आपल्याला रात्री साडेदहाला पीडीएफ येते. वाट मात्र अजूनही बघावीच लागते, आयजीएम यायचं तेव्हाच येतं.

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या सँपलला गेलो. यावेळी आयजीएम २.७ निघालं, म्हणजे वादच मिटला, पण ते नंतर. आधी फॉर्म भरायचा होता आणि या लॅबच्या फॉर्मवर चक्क एक रकाना होता, लक्षणं सुरू झाल्याची तारीख. मी अगदी विजयी मुद्रेनं शनिवारची तारीख लिहायला लागले. आई खांद्यावरून डोकावून बघत होती.

"शनिवार का लिहितेस?"

"तूच सांगितलंस ना, शनिवारी दुपारी."

"हो, ताप शनिवारी," ती म्हणाली, "कणकण शुक्रवारी रात्रीपासूनच होती."